टर्बोचा शाफ्ट हलतोय? आधी नीट चेक करा, मग बदलायचं ठरवा

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंप, आणि शाफ्ट म्हणजे त्यातला दोन्ही टोकांना पंख्यासारखी व्हील असलेला दांडा. इनटेकचा (हवा आत नेणारा) पाइप काढला, बोटाने शाफ्ट हलवला, हलला, की "टर्बो गेला" म्हणून मोकळे होणारे लोक भरपूर आहेत. पण शाफ्ट थोडा हलायलाच पाहिजे, अजिबात हलला नाही तर उलट काळजी करा. बहुतेक टर्बोमध्ये साधे फ्लोटिंग बुश (नळीसारखी बेअरिंग) असतात आणि त्यांच्या आतून-बाहेरून ऑइलचा पातळ थर असतो, इंजिन चालू असताना शाफ्ट त्या थरावर तरंगत फिरतो, तेही १ लाख आरपीएमच्या वर आणि छोट्या टर्बोत तर २ लाखांच्याही पुढे. इंजिन बंद झालं की ऑइलचं प्रेशर गेलं, आणि मग ती रिकामी जागाच आपल्या बोटाला प्ले, म्हणजे ढिलेपणा, म्हणून जाणवते.

चेक करताना इंजिन पूर्ण थंड हवं, कारण एक्झॉस्टची बाजू बराच वेळ तापलेली राहते. आणि पाइप काढलेला असताना इंजिन चालू करून बघायचा मोह अजिबात नको, व्हील बोट शिल्लक ठेवत नाही.

पाइप काढल्यावर लगेच हात घालू नका, आधी टॉर्च मारून बघा. ब्लेडच्या कडा वाकल्यात का, तुटल्यात का, आणि हाउसिंगच्या (व्हीलभोवतीच्या कवचाच्या) आतल्या भिंतीवर घासल्याच्या चकचकीत रेघा आहेत का. रेघ दिसली तर निकाल तिथेच लागला, व्हील हाउसिंगला लागतंय. आत जरासा तेलकटपणा मात्र चालतो, तो बऱ्याचदा इंजिनच्या ब्रीदरमधून (आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येतो. ऑइलचं डबकं साचलं असेल तर गोष्ट वेगळी.

आता शाफ्टचं टोक अंगठा आणि पहिल्या बोटात धरा आणि वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. नट फिरवायचा नाही, त्याच्यावर सगळा बॅलन्स अवलंबून असतो. इथे किंचित हालचाल जाणवेलच आणि ती नॉर्मल आहे. खरी टेस्ट पुढची: शाफ्ट एका बाजूला दाबून धरा आणि तसाच दाबलेला ठेवून व्हील हळूहळू पूर्ण फेरी फिरवा, मग दुसरी बाजू, असं चारही बाजूंनी. कुठे खर्र आवाज आला, बोटाला अडखळल्यासारखं वाटलं किंवा ब्लेड भिंतीला टेकलं, तर बेअरिंग झिजलंय. जमलं तर एक्झॉस्टचा पाइप काढून टर्बाइनच्या बाजूनेही हेच करा, कारण जास्त उष्णता तिकडे असते आणि ऑइल जळून कार्बन तिकडेच जमतो.

मग शाफ्ट पुढे-मागे, म्हणजे त्याच्या लांबीच्या दिशेने ओढा आणि ढकला. इथे माफी नाही. ही हालचाल थ्रस्ट बेअरिंग सांभाळतं आणि ती साधारण ०.१ मिमीच्या आतच असते, हाताला जेमतेम कळेल इतकी. स्पष्ट टक-टक जाणवत असेल तर बाजूचा प्ले कितीही कमी असो, टर्बो खोलायला पाठवा.

हातावर भरवसा नसेल तर डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक) लावा: मॅग्नेटिक स्टँड घट्ट बसवायचा, गेजची टीप शाफ्टच्या टोकावर, शाफ्ट पूर्ण आत ढकलून शून्य करायचं, मग बाहेर ओढून रीडिंग घ्यायचं. बाजूच्या प्लेचं रीडिंग घेताना मात्र गडबड होते, कारण व्हीलच्या टोकाशी मोजलं तर आकडा बेअरिंगजवळ मोजल्यापेक्षा मोठाच येणार. मॅन्युअलमधला आकडा कुठे मोजलेला आहे ते आधी बघा, बऱ्याच टर्बोत तो ऑइल ड्रेनच्या होलमधून थेट शाफ्टवर मोजतात.

बोटाने टिचकी मारल्यावर व्हील जास्त वेळ फिरत नाही म्हणून टर्बो जाम झाला असं नाही, थंड घट्ट ऑइल असलं की बुशवाला टर्बो लगेच थांबतो. बॉल बेअरिंगवाल्यातही बाजूचा थोडा प्ले असू शकतो, त्यात फिरवताना खरखर लागते का तेवढं नीट बघा.

प्ले ठीक आहे आणि तरी ऑइल गळतंय? मग ड्रेन पाइप चोक आहे का, क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या पोकळीत) प्रेशर वाढलंय का, एअर फिल्टर तुंबलाय का ते बघा, नाहीतर नवीन टर्बो बसवला तरी तोही गळेल. आणि बेअरिंग खरंच गेलं असेल तर ऑइल फीडचा पाइप साफ करा किंवा सरळ बदला, त्याच्या बँजो बोल्टमध्ये (ज्याच्या आतून ऑइल जातं त्या पोकळ बोल्टमध्ये) छोटी जाळी असते का तेही बघा, कचरा तिथेच अडकतो. नवीन बसवताना ऑइल इनलेटमध्ये आधी स्वच्छ ऑइल ओता, हाताने व्हील फिरवा, आणि फ्युएल बंद ठेवून स्टार्टर मारत ऑइलचं प्रेशर येऊ द्या, त्यानंतरच इंजिन चालू करा आणि सुरुवातीला नुसतं आयडलवर ठेवा.