पोटातला जंतू, ज्येष्ठमध आणि चौदा दिवसांचा कोर्स

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उशाशी स्टीलचा एक गोल डबा असतो. दोन वर्षांपूर्वी गणपतीत माहेरी गेले होते, तेव्हा त्यांची बी.पी.ची गोळी काढायला मी तो उघडला. आधी ज्येष्ठमधाचा गोडसर वास आला. वर कागदी पुडीत चूर्ण होतं आणि त्याखाली पोटातल्या जंतूसाठी मीच दिलेल्या औषधांच्या पट्ट्या. तिथेच पलंगावर बसून मी गोळ्या मोजल्या. चौदा दिवसांच्या कोर्सपैकी सहा दिवसांच्या संपल्या होत्या, आठ दिवसांच्या जशाच्या तशा.

"अगं, सहाव्या दिवशी पोट शांत झालं," अण्णा म्हणाले. "मग उगाच ती गरम औषधं कशाला पोटात घालायची? हे आपलं झाडपाल्याचं. याने अपाय तरी होत नाही."

मी फार्मसिस्ट. सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी एकोणीस वर्षं औषधांच्या दुकानात उभी आहे. काउंटरवर येणाऱ्याला दहा वेळा समजावते आणि घरच्या माणसाला पट्ट्या देऊन निघून आले, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हा अण्णांजवळ बसून जे सांगायला हवं होतं, ते इथे सांगते.

आधी कुठल्या जंतूबद्दल बोलतोय ते. जुलाब-उलट्यांचं दुखणं वेगळं. तिथे बहुतेक वेळा ओआरएसचं पाणी आणि मऊ भात पुरतो, अँटिबायोटिक लागतही नाही. मी सांगतेय तो जंतू जठरात ठाण मांडून बसतो. नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी, रिपोर्टवर 'एच. पायलोरी'. बहुधा लहानपणी, घरातल्या घरातच तोंडावाटे पोटात जातो आणि वर्षानुवर्षं राहतो. पुष्कळांना त्याचा काही त्रास होत नाही. काहींना मात्र जठराला सूज येते, अल्सर होतो आणि थोड्यांच्या बाबतीत गोष्ट जठराच्या कॅन्सरपर्यंत जाते.

जठरातल्या आम्लात जंतू जगूच शकत नाही, असं डॉक्टरही मानत असत. ऑस्ट्रेलियात पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना तो प्रयोगशाळेत वाढवायचा होता, पण वाढतच नव्हता. १९८२ साली ईस्टरच्या सुटीत प्लेट्स नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि जंतू दिसला. १९८४ मध्ये मार्शल यांनी तो द्रवात कालवून स्वतः पिऊन टाकला. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या, तोंडावाटे दुर्बीण घालून पाहिलं तर जठराला सूज दिसली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. अण्णांना ही हकीकत सांगितली ती एवढ्यासाठी की हा जंतू सावकाश वाढणारा आहे. शिवाय तो युरियापासून अमोनिया बनवून स्वतःभोवतीचं आम्ल मारतो आणि जठराच्या चिकट अस्तराखाली दडून राहतो. अशाला घालवायला एक औषध आणि पाच-सहा दिवस पुरत नाहीत. जळजळ थांबते ती आम्ल कमी करणाऱ्या गोळीने. जंतू तिथेच असतो.

म्हणून पहिलं काम तपासणीचं. पोट जळतंय म्हणून अंदाजाने अँटिबायोटिक घेऊ नका, आणि अंदाजाने महिनाभर चूर्णही नको. तपासायचे तीन चांगले मार्ग आहेत: श्वासाची तपासणी, शौचाची अँटिजेन तपासणी आणि दुर्बिणीतून घेतलेला जठराच्या अस्तराचा तुकडा. श्वासाच्या तपासणीत अनशापोटी युरिया प्यायला देतात. जंतू असेल तर तो युरिया फोडतो आणि त्याची खूण फुंकलेल्या हवेत सापडते. रक्ताची तपासणी स्वस्त पडते म्हणून बरेच जण तीच करून येतात, पण तिच्यावर विसंबू नका. जंतू गेल्यावरही रक्तातली खूण कितीतरी दिवस राहते.

आणि इथे एक चूक मी सारखी बघते. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल यांसारखी आम्ल कमी करणारी पित्ताची गोळी चालू असतानाच लोक तपासणी करतात आणि 'जंतू नाही' असा रिपोर्ट घेऊन येतात. या गोळीने जंतू दबतो, मरत नाही. तपासणीआधी ती दोन आठवडे बंद हवी, अँटिबायोटिक आणि बिस्मथ हे पोटाचं औषध चार आठवडे. बंद कशी करायची ते मात्र डॉक्टरांना विचारून, विशेषतः आधी अल्सरमधून रक्त गेलं असेल तर. मधल्या काळात जळजळ फार झाली तर साधं पातळ अँटासिड चालतं का, तेही तेव्हाच विचारून ठेवा.

शौचाला डांबरासारखं काळं, चिकट आणि घाण वासाचं होतंय, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही येतंय, विनाकारण वजन उतरतंय, घास अडकतोय, यातलं काहीही असेल तर काढाही नको आणि माझ्या दुकानात येणंही नको. थेट दवाखाना. पन्नाशीपुढच्या माणसाला छातीत भरून येऊन घाम फुटला तर 'गॅस झालाय' म्हणून गोळी मागू नका, ते हृदयाचं असू शकतं.

आता झाडपाल्याचं. मी त्याच्या विरोधात नाही. आमच्या घरात मोरावळ्याची बरणी कधी रिकामी नसते आणि उन्हाळ्यात धने-जिऱ्याचं पाणी मी स्वतः पिते. ज्येष्ठमध, हळद, लसूण यांच्या अर्काने प्रयोगशाळेतल्या बशीत या जंतूची वाढ रोखली जाते, हे खरं आहे. पण बशीत अर्क थेट जंतूवर पडतो. पोटात तो पातळ होतो, पुढे सरकतो आणि अस्तराखाली दडलेल्या जंतूपर्यंत पुरेसा पोचत नाही. माणसांवर जिथे नुसत्या वनस्पती देऊन पाहिल्या, तिथे जंतू समूळ जाण्याचं प्रमाण अँटिबायोटिकच्या जवळपासही आलेलं नाही. जळजळ मात्र कमी होऊ शकते. नेमकं त्यामुळेच माणूस फसतो.

अण्णांचं तेच झालं. सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा ज्येष्ठमध, दुधातून, अडीच महिने. मी गेले तेव्हा पावलं सुजलेली होती, जिना चढताना पायात जीव नव्हता. बी.पी. मोजलं तर १७०/१००. रक्तात पोटॅशियम खाली गेलेलं. ज्येष्ठमधात ग्लिसरायझिन नावाचा घटक असतो. तो अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवतो, पोटॅशियम बाहेर घालवतो. अण्णांच्या बी.पी.च्या औषधात लघवी वाढवणारी गोळीही होती, तीही पोटॅशियम घालवणारी. दोन्ही मिळून पायातली ताकद गेली. घसा बसल्यावर चघळलेल्या काडीने असं होत नाही. पण रोज चमचाभर चूर्ण म्हणजे औषध झालं, आणि औषध म्हटलं की त्याचे दुष्परिणामही आले. बी.पी., हृदय किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी ते घेऊच नये.

सूतशेखर हे पित्तावरचं आयुर्वेदिक औषध तर आपल्याकडे चिठ्ठीशिवाय मागतात. त्यात शुद्ध केलेला पारा, गंधक असतो. वैद्यांनी तपासून, ठरावीक दिवसांसाठी दिलं असेल तर गोष्ट वेगळी. शेजारणीला लागू पडलं म्हणून महिनोन्महिने घेऊ नका.

कोर्स लिहून मिळाला की डॉक्टरांकडून उठण्याआधी चार गोष्टी सांगा: पेनिसिलिनची ॲलर्जी, रक्त पातळ करणारं किंवा कोलेस्टेरॉलचं औषध, गरोदरपण, आणि गेल्या काही वर्षांत घेतलेली अँटिबायोटिक्स. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचं या जंतूवर दिल्या जाणाऱ्या क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकशी वाकडं आहे. एखादं अँटिबायोटिक पूर्वी घेतलं असेल तर जंतू त्याला सरावलेला असू शकतो, मग डॉक्टर दुसरं निवडतात. आपल्याकडे मेट्रोनिडॅझोल इतकं वापरलं गेलंय की त्याला दाद न देणारे जंतू पुष्कळ आहेत. पट्टीवरची उभी लाल रेघ बघा. ती गोळी चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही आणि अर्धवट सोडायची नाही.

अण्णांना दुसऱ्यांदा चार औषधांचा कोर्स दिला: आम्ल कमी करणारी गोळी, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडॅझोल. या वेळी मी चौदा दिवस माहेरीच राहिले. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने चार टिंबं काढली. न्याहारी, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण, झोपताना. गोळी गिळली की अण्णांनी स्वतः टिंबावर काट मारायची. आम्लाची गोळी मात्र न्याहारीच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या अर्धा तास आधी. ती नुसती जळजळीसाठी नसते. आम्ल उतरलं की जंतू वाढायला लागतो आणि वाढत असतानाच अँटिबायोटिकच्या तडाख्यात सापडतो. म्हणून 'जळजळ नाही, ही गोळी गाळतो' असं करू नका.

टेट्रासायक्लिन दूध, दही, ताक, लोहाची गोळी किंवा अँटासिड यांच्याबरोबर घेतलं तर ते पोटात त्यांनाच चिकटून बसतं, अंगी लागत नाही. मध्ये किमान दोन तास सोडा. पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. मेट्रोनिडॅझोल चालू असताना आणि संपल्यावर तीन दिवस दारू नको. दारू न पिणाऱ्यांनीही ऐका: द्राक्षासव, अशोकारिष्ट, कुमारीआसव, सगळ्या आसव-अरिष्टांत आंबवताना तयार झालेला मद्यार्क असतो. माझ्याकडे एक काकू या कोर्सबरोबर लोहासव घेत होत्या. त्यात मद्यार्कही आणि लोहही. तोंड लाल झालं, उलट्या झाल्या. तुम्ही काय काय घेता हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं आणि आयुर्वेदिक बाटली म्हणजे औषध, असं काकूंच्या मनात आलं नव्हतं.

तोंडाला धातूची चव येईल, जीभ आणि शौच काळं होईल. जीभ बिस्मथमुळे काळी होते, घासून काढत बसू नका. पण शौच नुसतं काळं आहे की डांबरासारखं चिकट आणि घाण वासाचं, हे बघा. दुसरं असेल तर लगेच डॉक्टर. जुलाब होऊ शकतात. तिथे मात्र घरचं ताक कामाचं, गोळीपासून दोन तास लांब ठेवून. मऊ भात, मुगाचं वरण, शिजवलेला दुधी, इतकं सोपं जेवण आईने चौदा दिवस केलं. एखादी वेळ चुकली तर आठवल्यावर घ्या, पुढची वेळ आली असेल तर दोन एकदम नको. अंगावर पुरळ, ओठ सुजणं, दम लागणं असं काही झालं तर गोळी थांबवून त्याच क्षणी दवाखाना गाठा. अंगदुखीची डायक्लोफेनॅकसारखी गोळी या काळात स्वतःहून घेऊ नका, अल्सरला तीही कारण असते.

कोर्स संपला त्याच दिवशी मी कॅलेंडरवर पुढच्या महिन्यातल्या एका तारखेला लाल गोल केला. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी पुन्हा करायची, आणि तिच्याआधीही आम्लाची गोळी दोन आठवडे बंद. लोक हे टाळतात, कारण बरं वाटत असतं. अण्णांनाही सहाव्या दिवशी बरंच वाटलं होतं.

तपासणीला मी त्यांना स्वतः घेऊन गेले. पिशवीत फुंकताना त्यांना मास्तरकीतली शिट्टी आठवली. रिपोर्टवर 'निगेटिव्ह' वाचून त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. घरी आल्यावर विचारलं, "आता तरी ज्येष्ठमध देशील का?" मी नाही म्हटलं. बी.पी. अजून चढउतार करत होतं. डब्यात आता आईने केलेल्या मोरावळ्याची छोटी बरणी असते, तिच्याशेजारी बी.पी.च्या गोळ्या. मी जाते तेव्हा त्या मोजते आणि अण्णा मोजू देतात.