सर्फॅक्टंट आणि खारं पाणी: तेलक्षेत्रासाठी चाचणी करताना या चुका टाळा

तेल ढकलण्यासाठी खाली सोडलेल्या पाण्याचा मारा संपल्यावरही बरंच तेल खडकाच्या बारीक छिद्रांत अडकून राहतं. ते सोडवायचं तर तेल आणि पाणी यांच्यामधला ताण मीटरमागे 20-30 मिलिन्यूटनवरून 0.001 च्या आसपास आणावा लागतो. सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखं रसायन, हे करतो, पण खारेपणाच्या एका अरुंद पट्ट्यातच. क्षार कमी पडले तर तो पाण्यात राहतो, जास्त झाले तर तेलात शिरतो. नेमक्या खारेपणाला दोघांच्या मध्ये मायक्रोइमल्शनचा, म्हणजे तेल, पाणी आणि सर्फॅक्टंट यांच्या एकजीव मिश्रणाचा, तिसरा थर उभा राहतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे क्षेत्रातल्या पाण्याच्या अहवालातला एकूण क्षारांचा आकडा बघून तेवढं साधं मीठ डिस्टिल्ड पाण्यात घालणं. घात करतात ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. बोअरच्या दुष्फेन पाण्यात साबणाचा फेस न होता पांढरा साका होतो ना, पेट्रोलियम सल्फोनेट या सर्फॅक्टंटचंही तेच होतं. मुंबई हायमध्ये समुद्राचं पाणी खाली सोडतात. अशा पाण्यात लिटरमागे सुमारे 400 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 1,300 मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं. त्यात खडक चुनखडीचा, ऋणभारित सर्फॅक्टंटला धरून ठेवणारा. तिथे निव्वळ मिठावरची चाचणी कितीही छान येवो, तिच्यावर विसंबू नका. क्षेत्रातलंच पाणी आणि क्षेत्रातलंच तेल घ्या.

पाणी सुफेन करून सोडलं तरी निर्धास्त राहू नका. खडकातल्या चिकणमातीला चिकटलेलं कॅल्शियम सोडियमच्या बदल्यात सुटतं, आणि सर्फॅक्टंटचे मायसेलही (रेणूंचे सूक्ष्म पुंजके) ते ओढून घेतात. परीक्षानळीत उत्तम चाललेलं मिश्रण कोअरमध्ये, म्हणजे खडकाच्या दंडगोल नमुन्यात, फसलं, तर रसायन बदलण्याआधी बाहेर येणाऱ्या पाण्यातलं कॅल्शियम मोजा. मला हीच तपासणी सर्वांत जास्त वेळा राहून गेलेली दिसते.

धुण्याचा सोडा घालणार असाल तर पाणी आधी सुफेन करा, नाहीतर कॅल्शियम कार्बोनेटचा थर नळ्यांत जमेल.

तेल घालण्याआधी सर्फॅक्टंटचं नुसतं द्रावण तेलसाठ्याच्या तापमानाला काही आठवडे ठेवा. पहिल्या दिवशी नितळ असलेलं द्रावण नंतर गढूळ होऊ शकतं. सल्फेट गटाचे सर्फॅक्टंट साधारण 60 अंश सेल्सिअसच्या पुढे हळूहळू विघटित होतात. तिथे सल्फोनेट बघा.

सर्फॅक्टंटला पुढे ढकलण्यासाठी मागून सोडलेलं, पॉलिमरने दाट केलेलं पाणी मात्र कमी खारं हवं. ते जास्त खारं असेल तर सर्फॅक्टंट तेलात शिरतो आणि त्या तेलासह खडकातच अडकतो.