टेंडर भरून झाल्यावरही पोर्टल उघडा

गेल्या वर्षी आमचं पत्र्याच्या पेट्यांचं सरकारी टेंडर टेक्निकललाच, म्हणजे कागदपत्रं तपासायच्या पहिल्याच टप्प्यात, बाद झालं. दराचं पाकीट उघडलंसुद्धा नाही. भोसरीतलं आमचं शीट मेटलचं वर्कशॉप, अकरा माणसं, तीन महिने त्या एका कामाच्या मागे. आणि कारण काय, तर शुद्धिपत्रक, म्हणजे टेंडर निघाल्यावर त्यात केलेल्या बदलांचा कागद, बघितलं नाही. पोर्टलवर त्याला कॉरिजेंडम म्हणतात. पहिलं शुद्धिपत्रक आलं ते नुसतं मुदत वाढवणारं होतं. दुसरं आलं तेव्हा मी म्हटलं, परत तारीखच पुढे गेली असेल. आम्ही तोवर बिड, म्हणजे आमचा देकार, टाकून मोकळे झालो होतो. त्या दुसऱ्यात रंगाच्या थराची जाडी बदलली होती आणि एक नवीन हमीपत्र जोडायचं होतं. म्हणून आता ही यादी लिहून काढतेय. पुढच्या वेळी माझ्याच टेबलावर लागेल, तुम्हालाही उपयोग झाला तर बरंच.

पॅन, जीएसटी, ताळेबंद, सीएचा शिक्का, हे तुमच्याकडे असतंच. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, नसेल तर आजच करा. ती फुकट असते. पैसे मागणाऱ्या एजंटला चहा पाजून वाटेला लावा. मात्र नोंदणीत तुमचं काम काय लिहिलंय ते नीट वाचा. आमच्या शेजारच्या गाळ्यात माल बनतो, पण नोंदणी निघाली व्यापारी म्हणून. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी केंद्राच्या खरेदीत जो 25 टक्के वाटा ठेवलाय तो बनवणाऱ्यांसाठी आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे, नुसतं घेऊन विकणाऱ्यांसाठी नाही. त्यातले 3 टक्के महिला उद्योजकांचे आणि 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचे. मालकी बाईची असेल तर कागदावरही ती बाईचीच दिसू द्या. आमच्याकडे दीर आणि नवरा सह्या करत बसायचे, मग उपयोग काय?

पंधरा टक्क्यांचा नियमही नीट समजून घ्या, लोक त्यावर उगाच उड्या मारतात. सगळ्यात कमी दर मोठ्या कंपनीचा असला आणि तुमचा दर त्याच्या पंधरा टक्क्यांच्या आत असला, तर तुम्हाला ऑर्डरचा काही हिस्सा मिळू शकतो. पण त्यांच्या दराला उतरून. पंधरा टक्के जास्त कोणी देत नाही. तेव्हा उतरता येईल असा हिशोब आधीच करून ठेवा.

कुठे बघायचं? सरकारी खरेदीचा ऑनलाइन बाजार जेम, शिवाय केंद्राचं खरेदी पोर्टल, संरक्षण खात्याचं डेफप्रॉक, राज्यासाठी महाटेंडर्स. सैन्याचा माल बनवणाऱ्या जुन्या ऑर्डनन्स बोर्डाचे 41 कारखाने 1 ऑक्टोबर 2021 पासून सात सरकारी कंपन्यांत वाटले गेलेत. दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया खडकीला आहे, यंत्र इंडिया नागपूरला. जुन्या नावाने शोधत बसू नका. डिजिटल सिग्नेचर क्लास थ्रीची लागते. तिची मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर लाल पेनने लिहा.

आता शुद्धिपत्रक. टेंडर डाउनलोड केलं की ते पोर्टलवरच्या 'माय टेंडर्स'मध्ये टाका, म्हणजे शुद्धिपत्रक निघालं की मेल आणि एसएमएस येतो. तिथे नोंदवलेला मोबाइल कोणाचा आहे? आमच्याकडे काम सोडून गेलेल्या मुलाचा होता. त्याला सगळे मेसेज पोचले, आम्हाला एकही नाही. तो मेसेज आला तरी त्यावर विसंबू नका. रोज एकदा पोर्टल उघडून बघा. प्री-बिड मीटिंग, म्हणजे बिड भरण्याआधीची बैठक, असेल तर तिच्यानंतर हमखास बघा, कारण तिथे लोकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं शुद्धिपत्रकातूनच बाहेर येतात. आणि पहिल्यात फक्त तारीख होती म्हणून दुसऱ्यातही तारीखच असेल असं धरून चालू नका. हे मी स्वतःला सांगतेय.

ड्रॉइंग वाचायला वर्कशॉपमधला माणूस बसवा, ऑफिसमधला नको. सीलबंद नमुना ठेवलेला असेल तर जाऊन हातात घेऊन बघा, कडी-कोयंडे मोजा. दर काढताना पत्रा आणि मजुरी सगळेच धरतात. मापं तपासायची गेज बनवणं, तपासणीचा खर्च, एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतल्या चाचण्या आणि माल पोचवायचं भाडं राहून जातं. माल भोसरीतून उचलतील असं गृहीत धरू नका. तो जबलपूरच्या डेपोत उतरवून द्यायचा असू शकतो.

दरपत्रकाची, म्हणजे बीओक्यूची, एक्सेल फाइल जशी उतरवली तशीच भरून परत चढवायची. फाइलचं नाव बदललं की बिड बाद. 'फायनल', 'फायनल टू' ही सवय तिथे चालत नाही. शुद्धिपत्रकात नवीन बीओक्यू आलेलं असेल तर जुनं भरून काय फायदा? टेक्निकलच्या पाकिटात दराचा आकडा कुठेही दिसू देऊ नका. वेळ पोर्टलच्या सर्व्हरची धरतात, तुमच्या मनगटावरची नाही, म्हणून एक दिवस आधी भरा.

भरलं, पावती आली, पेढे आणले. थांबा. मुदत संपेपर्यंत शुद्धिपत्रक येऊ शकतं, आणि ते वाचून बिड पुन्हा सादर करता येतं. सुधारून पुन्हा सादर करायचं. 'विथड्रॉ'चं बटण दाबायचं नाही, कारण एकदा मागे घेतलं की त्या टेंडरमधून तुम्ही बाहेर. शेवटच्या दिवशी सकाळी एकदा आणि बंद व्हायच्या दोन तास आधी एकदा, असं दोनदा उघडून बघायचं. आमच्याकडे आता हे काम माझं. दुसऱ्या कोणाला सोपवत नाही.

काम लागलं तर पुढचं. बयाणा रकमेतून, म्हणजे ईएमडीतून, छोट्या उद्योगांना सूट असते. म्हणून काम पुरं करायच्या हमीसाठीच्या बँक गॅरंटीतूनही सुटलो असं समजू नका, ती द्यावीच लागते. वॉरंटीसकट सगळं संपल्यावरही साठ दिवस ती जिवंत हवी. नव्या गिऱ्हाईकाला बँक जवळपास तेवढ्याच रकमेची एफडी मागते, तेव्हा मॅनेजरला टेंडर भरायच्या आधी भेटा.

नमुन्याचे नग पास होऊन बल्कची, म्हणजे सगळा माल बनवायची, मंजुरी हातात येईपर्यंत सगळा पत्रा कापू नका. उशिराला बहुतेक ठिकाणी आठवड्याला अर्धा टक्का कापतात. माल स्वीकारल्याचा कागद लगेच घ्या. पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत यायला हवेत, छोट्या उद्योगांसाठीचा 2006 चा कायदा आहे. नाही आले तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं आणि सरकारकडे ऑनलाइन तक्रार करता येते. घाई असेल तर ट्रेड्सवर, म्हणजे बिलावर आगाऊ पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर, बिल वटवा.

सध्या एक टेंडर भरलेलं आहे, गुरुवारी बंद होतंय. आज सकाळी बघितलं तर तिसरं शुद्धिपत्रक आलंय. तारीखच वाढवली होती, पण चारही पानं वाचली.