युरोपातील नोकरीच्या अर्जात हरित कौशल्ये कशी मांडावीत

ऐरोली-महापे पट्ट्यातील डेटा सेंटरमध्ये चिलर प्लांट (पाणी थंड करून सर्व्हर गार ठेवणारी यंत्रणा) सांभाळणारा अभियंता, तळोजा एमआयडीसीतील सांडपाणी प्रक्रिया केंद्रात काम करणारा केमिस्ट आणि घोडबंदर रोडवरील सोसायट्यांच्या गच्चीवर सोलर पॅनेल बसवून देणारा, आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन, या तिघांनाही आपण करतो ते काम युरोपात हरित रोजगारात मोडते याची सहसा कल्पना नसते. त्यांच्या सीव्हीत ‘ऑपरेशन अँड मेन्टेनन्स’ एवढेच लिहिलेले असते. दुसरीकडे, ज्यांनी प्रत्यक्षात एकदाही विजेच्या मीटरची नोंद घेतलेली नाही, असे कित्येक अर्जदार पहिल्याच ओळीत पर्यावरणाविषयीची तळमळ व्यक्त करतात. भरती करणाऱ्याला या दोन्ही सीव्हींतून हवे ते मिळत नाही. आपल्या कंपनीवर कायद्याने जी जबाबदारी येऊन पडली आहे ती पार पाडण्याचे काम या उमेदवाराने पूर्वी कोठे केले आहे काय, आणि केले असल्यास किती मोठ्या प्रमाणावर, हे त्याला जाणून घ्यायचे असते.

आधी कायदा पाहावा, मग सीव्ही लिहावा

युरोपीय संघाने 2050 पर्यंत हवामान-तटस्थ होण्याचे, म्हणजे जेवढे उत्सर्जन तेवढेच शोषण साधण्याचे, आणि 2030 पर्यंत हरितगृह वायूंचे उत्सर्जन 1990 च्या तुलनेत किमान 55 टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट 2021 च्या हवामान कायद्यात नोंदवले. या उद्दिष्टाखाली क्षेत्रवार नियम तयार झाले आणि तेथील बऱ्याचशा हरित जागा या नियमांच्या पूर्ततेसाठीच निर्माण होतात. म्हणून आपल्या कामाला लागू पडणारा नियम कोणता, हे अर्जदाराने सर्वांत आधी शोधावे.

डेटा सेंटरचे उदाहरण घेऊ, कारण नवी मुंबईत या क्षेत्रातील अनुभव भरपूर आहे. युरोपीय संघाच्या 2023 च्या ऊर्जा कार्यक्षमता निर्देशानुसार, माहिती-तंत्रज्ञान उपकरणांची वीजमागणी किमान 500 किलोवॉट असलेल्या डेटा सेंटरांना आपल्या ऊर्जावापराची माहिती कळवणे बंधनकारक आहे. एकूण वीजवापर आणि सर्व्हरचा वीजवापर यांचे गुणोत्तर, म्हणजेच आपल्याकडील प्लांट रूममध्ये रोज बोलला जाणारा पीयूई, तेथे आता शासकीय नोंदीचा विषय झाला आहे. महाप्यातील ज्या अभियंत्याने हा आकडा दरमहा काढला आणि तो कमी करण्यासाठी चिलरच्या पाण्याचे तापमान किंवा पंपांचा वेग बदलून पाहिला, त्याला हेच काम फ्रँकफर्ट किंवा डब्लिन येथील डेटा सेंटरमध्ये करता येते.

सांडपाण्याच्या बाबतीतही असेच आहे. नागरी सांडपाण्याविषयीचा युरोपीय निर्देश 2024 मध्ये नव्याने करण्यात आला असून, मोठ्या केंद्रांत औषधे व सौंदर्यप्रसाधने यांतील सूक्ष्म प्रदूषके काढण्यासाठी चौथ्या स्तरावरील प्रक्रिया आणि 2045 पर्यंत या क्षेत्राची ऊर्जा-तटस्थता (जेवढी ऊर्जा वापरली तेवढीच नवीकरणीय ऊर्जा निर्माण करणे) अशी उद्दिष्टे त्यात घालून दिली आहेत. नवी मुंबईत कोपरखैरणे व ऐरोली येथे सांडपाण्यावर तृतीय स्तरावरील प्रक्रिया करून ते पाणी टीटीसी औद्योगिक क्षेत्राला पुरवण्याची व्यवस्था आहे. अशा केंद्रात मेम्ब्रेनवर, म्हणजे पाणी गाळणाऱ्या सूक्ष्म पडद्यांवर, काम केलेल्या व्यक्तीने ते ठळकपणे लिहावे.

पोलाद आणि ॲल्युमिनियम उद्योगातील अर्जदारांकडे एक वेगळाच मुद्दा असतो. आयात मालाच्या उत्पादनात झालेल्या उत्सर्जनावर आकारणी करणारी युरोपीय संघाची सीमा-कार्बन व्यवस्था ऑक्टोबर 2023 पासून केवळ माहिती देण्यापुरती होती आणि 1 जानेवारी 2026 पासून ती पूर्णपणे लागू झाली. तिच्यात सिमेंट, लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, खते, वीज आणि हायड्रोजन यांचा समावेश आहे. युरोपला माल पाठवणाऱ्या कारखान्यात ज्याने या व्यवस्थेसाठी उत्सर्जनाची आकडेवारी तयार केली, त्याला युरोपातील आयातदाराची नेमकी अडचण आधीच ठाऊक असते. अशा उमेदवाराने स्वतःला ‘क्वालिटी एक्झिक्युटिव्ह’ एवढेच म्हणवून घेणे हे माझ्या मते स्वतःचे नुकसान आहे.

इमारतींच्या क्षेत्रात 2030 पासून नव्या इमारती शून्य-उत्सर्जनाच्या असाव्यात असे 2024 चा निर्देश सांगतो. एसी व रेफ्रिजरेशनच्या क्षेत्रात रेफ्रिजरंट म्हणून, म्हणजे थंडावा निर्माण करण्यासाठी, वापरल्या जाणाऱ्या फ्लोरिनयुक्त वायूंविषयीचा नियम मार्च 2024 पासून कडक झाला आहे.

कौशल्यांची नावे कोठून घ्यावीत

एस्को या नावाची व्यवसाय व कौशल्यांची एक मोफत युरोपीय सूची आहे आणि जानेवारी 2022 मध्ये तीतील 571 कौशल्ये व ज्ञानघटक हरित म्हणून चिन्हांकित करण्यात आले. आपला व्यवसाय त्या सूचीत शोधून त्याखालील आवश्यक कौशल्ये वाचावीत, त्यांपैकी जी आपण खरोखर केली आहेत तेवढीच निवडावीत आणि त्यांची नावे शक्यतो तशीच सीव्हीत वापरावीत. ही सूची युरोपीय संघाच्या सर्व अधिकृत भाषांत उपलब्ध असल्यामुळे त्याच कौशल्याचे जर्मन किंवा डच नाव शोधत बसावे लागत नाही. सूचीतील दहा-बारा नावे एका रांगेत उतरवून काढणे मात्र टाळावे, कारण पुढे काम दाखवले नसेल तर त्या नावांना अर्थ उरत नाही.

आकडे त्यांच्या मापात द्यावेत

आपल्याकडील चांगले अर्ज सर्वाधिक याच टप्प्यावर फसतात. चिलरची क्षमता आपण टनांत सांगतो, युरोपात ती किलोवॉटमध्ये सांगतात. एक टन म्हणजे 3.517 किलोवॉट, त्यामुळे 500 टनांचा चिलर हा सुमारे 1758 किलोवॉटचा होतो. आपल्याकडे कार्यक्षमता ‘किलोवॉट प्रति टन’ अशी मोजतात आणि ती जितकी कमी तितकी चांगली, तर तेथे सीओपी, म्हणजे वापरलेल्या विजेच्या किती पट शीतकरण मिळते ते गुणोत्तर, वापरतात आणि तो जितका जास्त तितका चांगला. 0.7 किलोवॉट प्रति टन म्हणजे साधारण 5 सीओपी. हे रूपांतर न करता दिलेला आकडा मुलाखत घेणाऱ्याला उलटा वाटण्याची शक्यता असते.

सांडपाणी केंद्राची क्षमता आपण एमएलडीत, म्हणजे दररोज किती दशलक्ष लिटर अशी देतो. युरोपीय कायदा मात्र केंद्रांची वर्गवारी लोकसंख्या-समतुल्य या मापाने करतो आणि एका व्यक्तीमागे दररोज 60 ग्रॅम बीओडी (सांडपाण्यातील सेंद्रिय घाण कुजण्यासाठी लागणारा ऑक्सिजन) धरतो. समजा केंद्रात रोज 20 एमएलडी, म्हणजे 20,000 घनमीटर सांडपाणी येते आणि त्याची बीओडी लिटरला 200 मिलिग्रॅम आहे. तेव्हा दररोजचा भार 4000 किलोग्रॅम होतो आणि त्याला 60 ग्रॅमने भागले की सुमारे 67 हजार लोकसंख्या-समतुल्य हा आकडा मिळतो. सीव्हीत हा एक आकडा असला, तर आपले केंद्र त्यांच्या कोणत्या शहराच्या तोडीचे आहे हे वाचणाऱ्याला लगेच समजते.

लाख आणि कोटी पूर्णपणे वगळावेत, तसेच विजेच्या ‘युनिट’ऐवजी किलोवॉट-तास लिहावे. स्वल्पविरामाबाबतही सावध राहावे, कारण जर्मनीसह अनेक देशांत तो दशांशचिन्ह म्हणून वापरतात आणि 2,628 हा आकडा तेथे कोणी दोन पूर्णांक सहाशे अठ्ठावीस सहस्रांश असा वाचू शकतो. चार अंकी संख्या स्वल्पविरामाशिवाय लिहिलेली बरी.

कार्बनचा आकडा देताना आधी ऊर्जेचा आकडा द्यावा. भारतीय ग्रिडमधील एका किलोवॉट-तासामागे साधारण 0.7 किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड उत्सर्जित होतो आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरण हा गुणांक दरवर्षी प्रसिद्ध करते. युरोपातील बहुतेक देशांची वीज याहून बरीच स्वच्छ असल्याने, तेवढ्याच ऊर्जाबचतीतून तेथे टनांचा आकडा कमी येतो आणि जाणकार मुलाखतकार तो प्रश्न विचारतोच. कोणता गुणांक, कोणत्या वर्षाचा, हे लिहून ठेवलेल्या उमेदवाराचा त्या एका उत्तरानेच चांगला प्रभाव पडतो.

वाक्य कसे बदलते ते पाहावे. मूळ सीव्हीत असते: ‘चिलर प्लांटची देखभाल केली व ऊर्जाबचतीत योगदान दिले.’ तेच पुढीलप्रमाणे लिहिता येते: ‘2000 किलोवॉट सर्व्हर-भार असलेल्या डेटा सेंटरच्या शीतकरण व्यवस्थेची जबाबदारी सांभाळली, थंड पाण्याचे तापमान वाढवून आणि पंपांना वेगनियंत्रक बसवून पीयूई 1.70 वरून 1.55 वर आणला. वार्षिक बचत 2628 मेगावॉट-तास. चौघांच्या पथकात माझ्याकडे मोजमाप व तापमान-बदलाची चाचणी होती.’ हे आकडे नमुन्यादाखल आहेत, परंतु त्यांचा हिशेब जुळतो आणि आपलाही जुळायला हवा: पीयूईतील 0.15 फरक गुणिले 2000 किलोवॉट गुणिले वर्षाचे 8760 तास. शेवटचा भाग, म्हणजे पथकातील आपला नेमका वाटा, सर्वाधिक महत्त्वाचा समजावा. संपूर्ण प्रकल्पाचे श्रेय स्वतःकडे घेणारा उमेदवार दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो.

पुरावे आणि प्रमाणपत्रे

आपल्याकडील अनुभव प्रमाणपत्र बहुधा दोन ओळींचे असते, तर जर्मनीसारख्या देशात जबाबदाऱ्यांचा सविस्तर उल्लेख असलेले प्रशस्तिपत्र देण्याची पद्धत आहे. म्हणून नोकरी सोडण्यापूर्वीच वरिष्ठांकडून कामाचे स्वरूप, यंत्रणेची क्षमता आणि कालावधी नमूद केलेले पत्र घ्यावे. कंपनीचे अंतर्गत अहवाल किंवा ग्राहकांची माहिती अर्जासोबत कधीही जोडू नये. जो उमेदवार जुन्या मालकाची कागदपत्रे बाहेर काढतो तो उद्या आपलीही काढेल, असे नव्या मालकाला वाटले तर त्यात त्याची चूक नाही.

प्रमाणपत्रांपैकी ऊर्जा दक्षता ब्यूरोची ऊर्जा लेखापरीक्षक परीक्षा ही खरोखर कस लावणारी आहे, पण युरोपात ती सर्वांना माहीत नसते. म्हणून ती 2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखालील राष्ट्रीय परीक्षा आहे हे एका वाक्यात सांगावे. आयएसओ 50001 (ऊर्जा व्यवस्थापन) आणि आयएसओ 14001 (पर्यावरण व्यवस्थापन) या मानकांची ओळख करून द्यावी लागत नाही. पवनऊर्जेत तंत्रज्ञ म्हणून जायचे असल्यास ग्लोबल विंड ऑर्गनायझेशनचे मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण जवळजवळ सर्वत्र मागितले जाते. त्यातील घटकांची मुदत दोन वर्षांची असल्याने ते फार आधी करून ठेवू नये. रेफ्रिजरंट हाताळण्यासाठी युरोपीय संघातील सदस्य देशाचे प्रमाणपत्र लागते आणि ते तेथे गेल्यावर मिळवण्याची तयारी आहे, असे अर्जात स्पष्ट लिहावे. शनिवार-रविवारच्या सर्वसाधारण ‘सस्टेनॅबिलिटी’ कोर्सची प्रमाणपत्रे चार-पाच असतील, तर त्यांतले एक ठेवून बाकीची काढून टाकण्यात काहीही तोटा नाही.

सीव्हीतून वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती, धर्म, पासपोर्ट क्रमांक आणि शेवटचे ‘वरील माहिती सत्य आहे’ हे प्रतिज्ञापत्रही वगळावे. युरोपास हा युरोपीय संघाचा सीव्हीचा नमुना सार्वजनिक संस्था व विद्यापीठांसाठी ठीक असतो, खासगी कंपनीसाठी दोन पानांचा साधा सीव्ही मला अधिक योग्य वाटतो.

जागा कोठे शोधाव्यात

युरेस हे युरोपीय रोजगार सेवांचे जाळे आहे. त्याच्या संकेतस्थळावर संघाच्या 27 देशांसह नॉर्वे, आइसलँड, लिक्टेनस्टाइन आणि स्वित्झर्लंड येथील जागा मोफत पाहता येतात. तेथील अनेक जाहिराती युरोपात काम करण्याचा हक्क आधीच असलेल्यांसाठी असतात, म्हणून भारतीय अर्जदाराने उलट्या टोकाने शोध घ्यावा. नेदरलँड्समध्ये परदेशी कर्मचारी आणण्याची मान्यता असलेल्या कंपन्यांची यादी तेथील इमिग्रेशन विभाग जाहीर करतो. त्या यादीतून ऊर्जा, पाणी व बांधकाम क्षेत्रांतील कंपन्या निवडून थेट त्यांच्याच पानांवर जागा पाहाव्यात. ईयू ब्लू कार्ड, म्हणजे उच्च कौशल्याच्या परदेशी कर्मचाऱ्यांसाठीचा युरोपीय संघाचा काम व निवास परवाना, डेन्मार्क व आयर्लंडमध्ये चालत नाही, कारण त्यांची परवान्यांची व्यवस्था स्वतंत्र आहे.

जर्मनीने 1 जून 2024 पासून सुरू केलेल्या चान्सेनकार्टवर, नोकरी हाती नसतानाही, एक वर्षापर्यंत तेथे राहून शोध घेता येतो आणि आठवड्याला 20 तास काम करता येते. त्यासाठी पदवी किंवा किमान दोन वर्षांचे व्यावसायिक प्रशिक्षण, ए1 (प्राथमिक) पातळीची जर्मन किंवा बी2 (उच्च-मध्यम) पातळीची इंग्रजी, गुणपद्धतीत किमान सहा गुण आणि निर्वाहाच्या रकमेचा पुरावा लागतो. आपली पदवी व विद्यापीठ जर्मनीच्या अनाबिन या माहितीसंचात कसे नोंदले आहे, हे कोणताही खर्च करण्यापूर्वी पाहावे. सल्लागार किंवा अहवाल-लेखनाच्या कामात इंग्रजी पुरते, परंतु गच्चीवर, तळघरात किंवा पंपघरात काम करणाऱ्या तंत्रज्ञाला स्थानिक भाषेशिवाय घेणारे मालक थोडे आहेत. ठाणेकरांना जर्मन शिकण्यासाठी काळा घोडा येथील मॅक्स म्युलर भवन गाठणे लोकलच्या गर्दीत जिकिरीचे असले, तरी ही तयारी अर्ज पाठवण्यापूर्वी वर्षभर आधी सुरू करावी.

स्टेशनबाहेरच्या फलकांवर ‘युरोप वर्क परमिट, ग्रीन जॉब गॅरंटी’ असे लिहिणाऱ्या एजंटाकडे जाण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याची नोंदणी तपासावी. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी यांपेक्षा अधिक रक्कम घेता येत नाही आणि पावती देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. त्याने नोकरीचा लेखी प्रस्ताव दाखवल्यास त्यावरील कंपनीचा पत्ता व जागेचे नाव घेऊन, एजंटाने दिलेल्या नव्हे तर कंपनीच्या संकेतस्थळावरील ईमेलवर, ही जागा खरोखर आहे काय असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत मूळ पासपोर्ट किंवा पैसे त्याच्या हाती देऊ नयेत.