माउंट रशमोर वर्गात: पाठ कसा घ्यावा

माउंट रशमोर म्हणजे अमेरिकेतला, चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेला डोंगर. सातवी-आठवीला हा पाठ घ्यायला चार तासिका पुरतात. सुरुवात फोटोने करू नका. छोट्या छापील चित्रात साठ फुटांचा चेहरा टिकलीएवढा दिसतो आणि मुलांना त्या आकाराचा अंदाजच येत नाही.

पहिली तासिका मैदानावर घ्या. चुन्याच्या भुकटीने १८ मीटरची रेघ मारा. कपाळापासून हनुवटीपर्यंत एका चेहऱ्याची उंची तेवढी. मग त्यात ६ मीटरचे नाक, साडेतीन मीटर रुंदीचा डोळा आणि साडेपाच मीटरचे तोंड काढा. सकाळीच काढा, दुपारी वाऱ्याने भुकटी उडते.

वॉशिंग्टन, जेफरसन, थिओडोर रूझवेल्ट आणि लिंकन ही चार नावे तिथेच सांगा. रूझवेल्ट म्हटले की मुलांना दुसऱ्या महायुद्धातले फ्रँकलिन आठवतात. ते हे नव्हेत, हे आधीच स्पष्ट करा.

दुसरी तासिका सर्वांत महत्त्वाची. शिल्पकार गुटझन बोरग्लम यांनी १९२७ ते १९४१ या काळात हे काम कसे केले ते मुलांनी हाताने करून पाहावे. आधी चेहऱ्यांचा लहान नमुना केला. नमुन्यावरचा एक इंच म्हणजे डोंगरावरचा एक फूट. नमुन्याच्या डोक्यावर अंशांची तबकडी, तिला फिरता दांडा आणि दांड्यावरून सोडलेला ओळंबा. प्रत्येक बिंदूचे तीन आकडे घ्यायचे: कोन, दांड्यावरचे अंतर, ओळंब्याची खोली.

वर्गात १२ सेंटिमीटर उंचीचे मातीचे डोके करा. डोक्यावर पुठ्ठ्याची तबकडी, दांड्याला पट्टी, ओळंब्याला दोरा आणि नट. नाकाचे टोक, दोन्ही डोळे, हनुवटी यांची मापे घेऊन अंतर आणि खोली सहापट करा, कोन तोच ठेवा. दुसरी तबकडी टेबलाच्या कडेला बसवून तिथून दोरे सोडा. टेबल ७५ सेंटिमीटर उंच असते, म्हणून सहापटच. बारापटीत हनुवटी जमिनीखाली जाईल. दोन्ही तबकड्यांचा शून्य अंश चेहऱ्याच्या समोर नसला तर सगळा चेहरा फिरतो. बहुतेक गट इथेच चुकतात. दोरा हलत असताना माप घेतले तर एका मिलिमीटरची चूक सहा मिलिमीटर होते.

तिसरी तासिका दगडाची. जेफरसनचा चेहरा आधी वॉशिंग्टनच्या दुसऱ्या बाजूला कोरायला घेतला होता; खडक तडकलेला निघाला, म्हणून तो सुरुंगाने उडवून नव्या जागी कोरावा लागला. कोरीव कामात काढलेला दगड परत लावता येत नाही. हे साबणाच्या वडीवर लगेच कळते. चाकूऐवजी आइस्क्रीमची काडी द्या.

जोडीला चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) आणि ओट्याच्या ग्रॅनाइटचा तुकडा ठेवून दोन्ही खिळ्याने ओरखडायला सांगा. चिरा सहज झिजतो. ग्रॅनाइटचा डोंगर का निवडला ते समजते.

चौथी तासिका टाळू नका. हा डोंगर ज्या ब्लॅक हिल्स नावाच्या टेकड्यांमध्ये आहे, त्या १८६८ च्या तहाने लकोटा या तिथल्या मूळ रहिवाशांच्या होत्या. सोने सापडल्यावर अमेरिकेने १८७७ मध्ये त्या काढून घेतल्या. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भरपाई मान्य केली, पण लकोटांनी पैसे घेतले नाहीत, जमीनच मागितली. निवाडा शिक्षकाने देऊ नये, मुलांना बोलू द्यावे.

गृहपाठ: पणजीच्या आझाद मैदानातील किंवा पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक पाहून तीन गोष्टी लिहून आणाव्यात. कोणाच्या आठवणीत, कोणत्या दगडाचे, आणि ती जागा का निवडली.