ओमान: डोंगर, वाळू आणि समुद्र एकाच गाडीने

मस्कत, निझवा, जबल शम्स, बिदिया, सूर आणि परत मस्कत हा फेरा आठवडाभरात आरामात होतो. ऑक्टोबर ते मार्च याच काळात जा. गाडी फोर बाय फोरच, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारीच घ्या. निझवाजवळच्या जबल अख्दर या डोंगरावर जायचे झाले तर पायथ्याशी बिरकत अल मौझच्या चौकीवर पोलीस दुसऱ्या प्रकारची गाडी वर सोडत नाहीत. वाळूत नेल्यास विमा लागू राहतो का, ते भाडेकरारावर सही करण्याआधी वाचा. आणि लक्षात ठेवा, तिथे वाहने उजवीकडून चालतात.

डोंगर उतरताना ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो आणि ऐन वळणावर धरत नाही. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावरच उतरा. जबल शम्सला अल खितैमहून अस् साब या ओसाड गावाकडे दरीच्या कडेने जाणारी वाट चालायला जाऊन-येऊन तीन-चार तास लागतात. कठडा नाही, वाटेत दुकान नाही. माणशी दोन-तीन लिटर पाणी घ्या.

खरी परीक्षा बिदियाच्या वाळूत. टाकी भरून घ्या आणि डांबर संपताच चारही चाकांतली हवा १५ ते १८ पीएसआयवर आणा. टायर पसरतो, वजन विभागले जाते, गाडी रुतत नाही. मात्र एवढ्या कमी हवेत जोरात वळलात तर टायर रिमवरून निघतो. चढावर मध्येच थांबू नका, टेकडी आडवी कापू नका. रुतलात तर अ‍ॅक्सिलरेटर लगेच सोडा. चाक फिरवत राहाल तर गाडी पोटावर बसेल. चाकांपुढची-मागची वाळू उपसा, हवा १२पर्यंत उतरवा आणि आपल्याच चाकोरीतून मागे या. सकाळची वाळू घट्ट असते, दुपारची दगा देते. म्हणून फावडे, हवा मोजायचा गेज, पंप आणि शक्यतो दुसरी गाडी सोबत हवीच. डांबरावर येताच हवा पुन्हा भरा, नाहीतर वेगात टायर तापून फुटतो.

सूरजवळ रास अल जिंझला कासवे रात्री अंडी घालायला येतात. तिथे वाटाड्यासोबतच जाता येते, आगाऊ नोंदणी करा. मस्कतकडे परतताना वाटेत वादी शाब, म्हणजे ओढ्याची अरुंद दरी. डोंगरावर ढग दिसले तर आत शिरू नका. तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही वरून लोंढा येतो. आकाश स्वच्छ असेल तर होडीने पलीकडे जा, पाऊण-एक तास चाला, पुढे पोहत गुहेपर्यंत. परतीची शेवटची होडी किती वाजता, ते जातानाच विचारा.