१७ अंकी डेम्लो संख्या तपासताना या चुका टाळा

१२३४५६७८९८७६५४३२१. नऊ एक ओळीने मांडून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा हा वर्ग. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी अशा संख्यांना 'डेम्लो' हे नाव दिलं. मुलांना गुणधर्म शोधायला द्यायला याहून देखणी संख्या मला सापडलेली नाही. पण घसरायच्या जागाही तिच्यात भरपूर आहेत.

सगळ्यात महागात पडणारी चूक गणिताला हात लावायच्या आधीच होते. ही संख्या एक्सेलमध्ये टाइप करून एंटर दाबा, मग सेलवर क्लिक करून वरच्या फॉर्म्युला बारमध्ये पाहा. शेवटच्या ३२१ च्या जागी ३०० दिसतील, कारण एक्सेल पंधराच अंक जपतं. जावास्क्रिप्टमध्ये शेवटच्या १ चा ० होतो; तिथली साधी संख्या ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे प्रत्येक पूर्णांक नेमका धरू शकत नाही. एक अंक बिघडला की संख्या सम होते, पूर्ण वर्ग राहत नाही, पॅलिंड्रोमही (दोन्ही बाजूंनी सारखीच वाचता येणारी संख्या) राहत नाही. वर उत्तर चुकल्याची कसलीही सूचना मिळत नाही! म्हणून पायथन किंवा जावास्क्रिप्टमधला बिगइंट (कितीही मोठा पूर्णांक नेमका धरणारा प्रकार) वापरा, आणि वर्गमूळ काढताना दशांश अपूर्णांकात न शिरता पूर्णांकी वर्गमूळाचं फंक्शन घ्या. तपासणी सुरू करण्यापूर्वी संख्या परत छापून शेवटचे तीन अंक डोळ्यांनी पाहा.

पॅलिंड्रोम दिसला की ११ ने भाग जाणारच, असं अनेकजण धरून चालतात. ते फक्त सम अंकी पॅलिंड्रोमला लागू आहे. इथे अंक सतरा, आणि ११ ने भागल्यावर बाकी १ उरते.

आता हर्षद संख्या, हीही कापरेकरांचीच देणगी. अंकांची बेरीज ८१ येते, तिला ९ ने भाग जातो, 'म्हणून हर्षद' असं लिहिलेलं हमखास आढळतं. निष्कर्ष बरोबर, कारण चूक. हर्षद ठरायला संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने, म्हणजे इथे ८१ ने, भाग जायला हवा. १८९९ घ्या: बेरीज २७, ९ ने भाग जातो, पण २७ ने भागल्यावर बाकी ९. आपल्या संख्येचं काम जमतं, कारण १११११११११ ला ९ ने भागलं की १२३४५६७९ येतात (८ गायब, नीट पाहा), आणि मग वर्गाला ८१ ने पूर्ण भाग जातो.

नुसते एक दिसतात म्हणून १११११११११ ला मूळ संख्या समजू नका. तिचे अवयव ३ × ३ × ३७ × ३३३६६७. तिचे विभाजक १२, म्हणून वर्गाचे २४, हा हिशेबही फसवा. वर्गात ३ चा घात ४ आणि बाकी दोघांचा २ होतो; प्रत्येक घातात १ मिळवून गुणा: ५ × ३ × ३ = ४५. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या विषमच येते, त्यामुळे २४ दिसताच थांबायला हवं होतं. आणि ४५ विभाजक असले तरी, स्वतःला वगळून त्यांची बेरीज संख्येच्या जेमतेम निम्म्याहून थोडी जास्त भरते. म्हणजे संख्या न्यून (ही बेरीज संख्येहून कमी), विपुल (बेरीज संख्येहून जास्त) नव्हे.

शेवटी, अंक चढत जाऊन पुन्हा उतरण्याचा हा जिना नऊ एकांच्या पुढे चढवू नका. दहा एकांचा वर्ग केला की मधल्या बेरजेत १० येतात, हातचा डावीकडे सरकतो आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१.